नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन मराठी वाक्प्रचारांत केवळ एका अनेकवचनाचे अंतर आहे. पहिला बारशाचा, दुसरा ओटीवरच्या कुचाळकीचा. पाळण्यातल्या मुलाच्या कानात आत्या सांगते ते नाव; आणि तेच मूल मोठे होऊन लग्नाच्या पंगतीतून कोणाशी चकार शब्द न बोलता उठून गेले, म्हणजे आप्तेष्ट त्याच्या पाठीमागे ठेवतात ती नावे. व्याकरणातले हे अंतर लहान, व्यवहारातले तर त्याहूनही लहान. सद्हेतूने ठेवलेले नाव पुढे नावे ठेवण्याच्या कामी यावे, अशी उदाहरणे हवी तितकी दाखविता येतील. 'मतिमंद' हा शब्द 'वेडा' आणि 'खुळा' यांच्या मानाने सभ्य म्हणून रूढ झाला. आज तो शाळेच्या पटांगणावर शिवीसारखा फेकला जातो. शब्द बदलला तरी बोलणाऱ्याची दृष्टी बदलत नाही, आणि ती न बदलल्यामुळे नवा शब्दही लवकरच मळतो.

या लेखात ज्या नावाचा विचार करावयाचा आहे ते परदेशी आहे. अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम हे ते नाव. बुद्धी आणि वाणी शाबूत असून ज्यांना चारचौघांतले न बोललेले संकेत सहज उमगत नाहीत. जे शब्दाचा सरळ अर्थ घेतात. ज्यांचे मन एखाद्या विषयात असे बुडते की जेवणाची शुद्ध राहू नये. गलका, झगमगाट किंवा नुसता अंगावर पडलेला हात ज्यांना असह्य होतो आणि ठरलेला क्रम मोडला की जे व्याकुळ होतात, अशा माणसांस हे नाव लागले. हे नाव येण्यापूर्वी आमच्याकडे त्यांना नावे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. एककल्ली, विक्षिप्त, तऱ्हेवाईक, माणूसघाणा, घुम्या, शिष्ट, चक्रम! या बाबतीत आपली भाषा फार संपन्न आहे. या शब्दांकडे जरा निरखून पाहिले तर एक मौज दिसते. माणूसघाणा म्हणजे ज्याला माणसांचा तिटकारा आहे तो. पण तसा तिटकारा आहे की नाही हे त्याला कोणी विचारलेले नसते. तो लग्नाला आला नाही एवढेच यजमानाला ठाऊक असते. 'घुम्या' या शब्दात मौनाला कपटाचा वास चिकटविला आहे. 'शिष्ट' हा तर मूळचा गौरवाचा शब्द. जो आमच्या गप्पांत सामील होत नाही तो स्वतःला आमच्याहून श्रेष्ठ समजत असला पाहिजे, या आमच्याच समजुतीतून त्याला उपहासाचा अर्थ आला. सारांश, ज्याला ही नावे लागतात त्याच्याविषयी ती फारसे काही सांगत नाहीत. आपणांस त्याच्यापाशी कसे अवघडल्यासारखे होते, याची मात्र ती चांगली नोंद करतात.

आता सुशिक्षित घरांत या जुन्या शब्दांच्या जोडीला वैद्यकातला नवा शब्द येऊन बसला आहे. हिशोबाची वही काटेकोर ठेवणारा काका, आगगाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणणारा भाचा, हळदीकुंकवाला न येणारी जाऊ, यांच्याविषयी हसत हसत "अ‍ॅस्पर्जर दिसतो" किंवा "दिसते" असा निकाल दिला जातो. निकाल देणाऱ्याने वैद्यकाचे एक पानही वाचलेले नसते. त्याने एखादी कादंबरी वाचलेली असते, बहुधा चित्रपट पाहिलेला असतो. म्हणूनच हा विषय वैद्यांवर सोपवून वाङ्मयाच्या अभ्यासकाला मोकळे होता येत नाही.

प्रथम नावाचा इतिहास पाहू. हान्स अ‍ॅस्पर्जर हा व्हिएन्ना येथील विद्यापीठाच्या बालरुग्णालयातला वैद्य. त्याने १९४४ साली चार मुलग्यांची सविस्तर वर्णने असलेला प्रबंध प्रसिद्ध केला. (अशाच मुलांची वर्णने ग्रुन्या सुखारेवा या रशियन विदुषीने १९२६ साली एका जर्मन नियतकालिकात दिली होती, पण तिचे नाव कशालाही लागले नाही.) अ‍ॅस्पर्जरने या स्थितीला दिलेल्या जर्मन नावात 'मनोविकृती' या अर्थाचा शब्द होता. पुढे लोर्ना विंग या इंग्रज मानसरोगतज्ज्ञ बाईंनी १९८१ साली या प्रबंधाकडे इंग्रजी वाचकांचे लक्ष वेधले, तेव्हा त्यांना त्या शब्दाची भीती वाटली. लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ समाजकंटक असा होतो, म्हणून ज्याला कसलाही वास नाही असे नाव शोधताना त्यांनी वैद्याचे आडनावच स्थितीला दिले. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीमागची कळकळ समजते. १९९४ साली अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या निदानग्रंथात या नावाला स्वतंत्र स्थान मिळाले. २०१३ साली ते काढून 'स्वमग्नतेचा वर्णपट' या व्यापक नावाखाली घेण्यात आले. आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही ते वेगळे उरले नाही. अमेरिकन ग्रंथात ते एकोणीस वर्षे राहिले. लोकांच्या तोंडून ते अद्याप गेलेले नाही. वैद्यांनी खाली ठेवलेला शब्द बैठकीतल्या मंडळींनी उचलला, तो त्यांना फार सोयीचा झाला असल्यामुळे.

ज्या नावाला कसलाही वास नसावा असे विंगबाईंना वाटले, त्याची पुढची कहाणी दारुण आहे. अ‍ॅस्पर्जर आपल्या काही मुलांना 'छोटे प्राध्यापक' म्हणत असे, असे सांगतात. हा शब्द फार लोकप्रिय झाला. पालकांसाठी लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांत तो लाडाने येतो. (मी त्याच पेशातला असल्यामुळे यात मुलांचा गौरव अधिक की आमचा उपहास अधिक, हा प्रश्न माझ्यापुरता अनिर्णित आहे.) नाझी राजवटीत या वैद्याने मुलांचे रक्षण केले अशीही त्याची ख्याती अनेक वर्षे होती. तिला २०१८ साली हर्विग चेक या इतिहाससंशोधकाने मूळ कागदपत्रांच्या आधारे धक्का दिला, आणि त्याच वर्षी एडिथ शेफर यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. व्हिएन्नातच 'आम श्पीगेलग्रुंड' नावाची संस्था होती. १९४० ते १९४५ या काळात तेथे ७८९ मुले मेली. त्यांतली कित्येक विषारी औषधाच्या मात्रा देऊन हेतुतः मारलेली. अ‍ॅस्पर्जरने काही मुलांना तेथे पाठविण्याची शिफारस केली होती. १९४१ च्या जूनमध्ये, तीन वर्षेही पुरी न झालेल्या आणि मेंदूच्या आजाराने खुंटलेल्या एका मुलीला कायमची तेथे ठेवावी असे त्याने लिहिले. घरी ती आईला असह्य भार होत असली पाहिजे, असे कारण दिले. सप्टेंबरात ती मुलगी मेली.

हे सांगण्याचा उद्देश एका मृत वैद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा नाही; ते काम इतिहासकारांनी केले आहे. टीकाकाराचे लक्ष जावे ते शब्दांकडे. 'छोटा प्राध्यापक' आणि 'असह्य भार' हे दोन्ही शेरे एकाच टाकाने लिहिले गेले. एकात स्तुती आहे, दुसऱ्यात मृत्यू आहे; पण दोहोंत तोलण्याचे माप एकच, आणि ते म्हणजे हे मूल समाजाच्या काय उपयोगाचे? १९४४ च्या प्रबंधातही अ‍ॅस्पर्जर आपल्या हुशार मुलांची बाजू मांडतो ती याच मापाने. त्यांची एकाग्रता शास्त्रांत कामी येईल, म्हणून त्यांना सांभाळावे, असा त्याचा युक्तिवाद. शेफर यांनी 'गेम्यूट' या जर्मन शब्दाचा जो मागोवा घेतला आहे तो वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा. अंतःकरण, जिव्हाळा, हृद्य भाव अशा अर्थाचा, काव्यात रुळलेला हा शब्द त्या काळच्या बालमानसशास्त्रात 'समूहाशी एकजीव होण्याची शक्ती' या अर्थी वापरला जाऊ लागला, आणि ज्या मुलात ती नाही ते मूल उणे ठरले. कवींचा शब्द वजनाच्या काट्यावर चढला.

हा काटा जर्मनीबरोबर पराभूत झाला असेल आणि वाङ्मयात तरी तो आढळणार नाही, अशी अपेक्षा करण्यास हरकत नव्हती. परंतु गेल्या चाळीस वर्षांतल्या गाजलेल्या कलाकृती पाहिल्या तर तो थोडा झाकलेला, पण जागच्या जागी दिसतो.

१९८८ सालचा 'रेन मॅन' हा अमेरिकन चित्रपट घ्या. त्याला चार ऑस्कर मिळाले आणि स्वमग्नता हा शब्द कोट्यवधी लोकांनी त्यातून प्रथम ऐकला. त्यातला रेमंड सांडलेल्या दातकोरण्या एका दृष्टिक्षेपात मोजतो आणि लास वेगासच्या जुगारघरात पत्ते स्मरणात ठेवून भावाला पैसे मिळवून देतो. भावाचे मन त्याच्याकडे वळते त्या वळणावर हा पैसा नेमका उभा आहे, हे प्रेक्षक विसरतात. पटकथाकाराला ते विसरता येत नाही. ज्या किम पीक नावाच्या गृहस्थांच्या अद्भुत स्मरणशक्तीवरून हे पात्र सुचले, ते स्वमग्न नसून त्यांच्या मेंदूची जडणघडणच जन्मतः निराळी होती, असे पुढे वैद्यांचे मत झाले. पण तोवर ठसा उमटला होता. अशी विलक्षण स्मरणशक्ती स्वमग्न माणसांत थोड्यांनाच असते. बाकीच्यांच्या आयांना मात्र "तुमच्या मुलाला कोणती विद्या येते हो?" या प्रश्नाचे उत्तर देत बसावे लागते.

मार्क हॅडन या इंग्रज लेखकाची 'द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' ही २००३ सालची कादंबरी फार वरच्या प्रतीची आहे. म्हणूनच तिचे दोष सांगणे अधिक अगत्याचे. स्विंडन गावातला पंधरा वर्षांचा क्रिस्टोफर शेजारणीच्या कुत्र्याच्या खुनाचा तपास करतो आणि त्या तपासात स्वतःच्याच घरातले असत्य त्याच्या हाती लागते. मृत म्हणून सांगितलेली आई लंडनमध्ये जिवंत आहे, आणि कुत्र्याला मारणारा आपला बापच आहे. कादंबरीच्या संहितेत अ‍ॅस्पर्जर हा शब्द एकदाही येत नाही. तो आला पुस्तकाच्या वेष्टणावर आणि परीक्षणांत. हे पुस्तक त्या विषयावरचे नाही, असे हॅडन यांनी स्वतः पुढे लिहिले. तरी शाळांतून, आणि असे म्हणतात की शिक्षकांच्या प्रशिक्षणातूनही, ते त्या विषयाचे क्रमिक पुस्तक होऊन बसले. लेखकाने न ठेवलेले नाव प्रकाशकाने ठेवले, आणि वाचकांनी त्याचा व्याप वाढविला.

या कादंबरीची खरी थोरवी कोठे आहे? क्रिस्टोफरच्या विचित्रपणाला त्याची स्वतःची कारणे आहेत, आणि ती कारणे पक्की आहेत, यात आहे. शाळेला जाताना ओळीने लाल मोटारी दिसल्या की तो दिवस चांगला, असे तो मानतो. मानसतज्ज्ञाला याचे नवल वाटते. तेव्हा क्रिस्टोफरचे म्हणणे असे की, कचेरीत काम करणारा मनुष्य सकाळी ऊन पाहून आनंदतो आणि पाऊस पाहून खिन्न होतो. वास्तविक दिवसभर छपराखाली बसणाऱ्याचा उन्हापावसाशी काय संबंध? या युक्तिवादाला उत्तर नाही. येथे वाचकाच्या पायाखालची जमीन हलते, आणि तऱ्हेवाईक कोण याचा त्याला क्षणभर निवाडा करता येत नाही. दुसरे एक स्थळ असेच मार्मिक आहे. क्रिस्टोफरच्या शाळेतल्या मुलांना 'विशेष गरजा असलेली' असे सभ्य, सरकारी नाव आहे. आणि शेजारच्या शाळेतली पोरे तेच सभ्य नाव त्यांच्या मागे शिवी म्हणून ओरडतात. आरंभी मी 'मतिमंद' या शब्दाविषयी जे लिहिले ते हॅडन यांनी पोरांच्या एका आरोळीत सांगून टाकले आहे.

पण मग गणित आले. क्रिस्टोफर गणितात असामान्य आहे. वयाच्या मानाने फार वरच्या परीक्षेत तो उत्तम श्रेणी मिळवितो, आणि कादंबरीचा सुखान्त त्या श्रेणीवर टेकविला आहे. त्याला गणित येत नसते तर? तो नुसता स्पर्श न सोसणारा, पिवळ्या आणि तपकिरी रंगाला भिणारा, ताटातले दोन पदार्थ एकमेकांना लागू न देणारा मुलगा असता तर कादंबरीकाराने त्याला आमच्या प्रेमाचा अधिकारी कसा केला असता? शिवाय एवढी सारी लक्षणे एकाच मुलाच्या अंगावर, लग्नातल्या नवरीच्या अंगावर दागिने घालावेत तशी, घातली आहेत. प्रत्यक्षात ती इतकी एकत्र क्वचितच आढळतात. पुस्तकाचे नाव शेरलॉक होम्सच्या एका कथेतून घेतले आहे हेही सूचक आहे. होम्स हा १८८७ पासूनचा आमचा लाडका विक्षिप्त. त्याची विक्षिप्तता आपण खपवून घेतो ती त्याने चोर पकडून द्यावेत या बोलीवर. बी. बी. सी. च्या अलीकडच्या मालिकेत तर २०१२ साली खुद्द वॉटसनच्या तोंडून अ‍ॅस्पर्जर हा शब्द जाता जाता वदविला गेला. आपला मित्र असा का वागतो, याचा विचार करण्याचे श्रम त्या एका शब्दाने वाचले.

आमच्या देशातल्या प्रेक्षकांपर्यंत हे नाव पोचले ते २०१० साली, करण जोहर यांच्या 'माय नेम इज खान' या हिंदी चित्रपटातून. त्याचा नायक रिझवान मुंबईच्या बोरिवलीत वाढलेला, पुढे भावाकडे अमेरिकेत गेलेला. तेथे भावजय, ती मानसशास्त्राची प्राध्यापिका, त्याच्या वागण्याला अ‍ॅस्पर्जर हे नाव देते. हा प्रसंग चांगला आहे, कारण नाव मिळाल्याने काही माणसांचे आयुष्य सुकर होते ही सत्य गोष्ट त्यात आहे. पुढे २००१ नंतरच्या द्वेषाच्या लाटेत सावत्र मुलगा मारला जातो. शोकाने बेभान झालेली पत्नी रागाच्या भरात म्हणते ते रिझवान शब्दशः घेतो, आणि आपण दहशतवादी नाही हे राष्ट्राध्यक्षाला सांगण्यासाठी घराबाहेर पडतो. सारी कथा या शब्दशः घेण्यावर उभी आहे.

चित्रपटाचा हेतू स्तुत्य आहे: 'मुसलमान म्हणजे दहशतवादी' हे नाव खोटे पाडावयाचे. पण ते खोटे पाडण्यासाठी दिग्दर्शकाने दुसऱ्या एका नावाचा आधार घेतला, आणि तिकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. रिझवान निष्पाप आहे हे प्रेक्षकाला पटते, कारण तो अ‍ॅस्पर्जर आहे. आणि अ‍ॅस्पर्जर माणूस खोटे बोलू शकत नाही, द्वेष करू शकत नाही, तो मोठा झालेला बालक, असे गृहीत धरले आहे. म्हणजे एका लोकभ्रमाचा पाडाव दुसऱ्या लोकभ्रमाच्या हातून झाला. ज्याला कपट येत नाही त्याच्या चांगुलपणाचे श्रेय त्याचे कसे? रिझवानला निवड करता येते, तो रागावू शकतो, खोटे बोलण्याचा मोह त्याला होतो आणि तो आवरतो, असे एखादे दृश्य असते तर तो मनुष्य झाला असता. तसे नसल्यामुळे तो साधू झाला आहे. त्यातच बंद पडलेले कोणतेही यंत्र दुरुस्त करण्याची कला त्याच्या हाती दिली आहे, आणि पुरात अडकलेल्या गावात ती कामी येते. उपयोगाचा काटा पुन्हा हजर!

कल्पित पात्रांविषयी एवढे पुरे. आता मेलेल्या थोर पुरुषांना हे नाव लावण्याचा जो उद्योग चालतो त्याविषयी. न्यूटन, आइन्स्टाइन, विट्गेन्स्टाइन यांच्या ओळीत मायकेल फिट्झजेराल्ड या आयरिश मानसरोगतज्ज्ञांनी २००४ सालच्या आपल्या ग्रंथात श्रीनिवास रामानुजन यांनाही बसविले आहे. रामानुजन आपल्या जवळचे, त्यांच्या आयुष्याची हकीकतही बरीच उपलब्ध, म्हणून हा दाखला तपासून पाहता येतो.

रामानुजन १९१४ साली केंब्रिजला गेले. तेथे ते इतरांबरोबर भोजनगृहात जेवत नसत, खोलीत स्वतः रांधून खात. थंडीच्या दिवसांत प्रशांतचंद्र महालनोबीस त्यांना भेटावयास गेले तेव्हा असे आढळले की ते अंगात ओव्हरकोट घालून, शाल लपेटून, रात्रभर कुडकुडत निजतात. बिछान्यावर पांघरुणे नव्हती काय? होती, भरपूर होती. पण इंग्रजी पद्धतीने ती गादीखाली खोचून वर चादर ताणलेली होती, आणि आत शिरून निजावयाचे असते हे रामानुजनना कोणी सांगितले नव्हते. महालनोबीस यांनी पांघरूण उलगडून दाखविले आणि प्रश्न मिटला. दुसरी कथा प्रसिद्ध आहे. त्यांनी मित्रमंडळींना जेवावयास बोलाविले, स्वतः रस्सम् केले, आणि पाहुण्यांनी आणखी एकदा वाढून घेण्याचे नाकारताच ते घरातून जे नाहीसे झाले ते कित्येक दिवस ऑक्सफर्डला जाऊन राहिले.

हे दोन्ही प्रसंग निदान करणाऱ्याला पर्वणीच वाटतील. परंतु पहिल्या प्रसंगात विक्षिप्तपणा कोणाचा? कुंभकोणमच्या मनुष्याला केंब्रिजचा बिछाना उलगडत नाही यात मनाचा कोणता दोष? आणि दुसऱ्यात तर भावनेचा अभाव असण्याऐवजी तिचा पूर आहे. आपल्या हातचे अन्न नाकारले जाणे हा अपमान आहे, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीला समजावून द्यावे लागणार नाही. शाकाहार, सोवळे, परक्या देशातला एकटेपणा, महायुद्धामुळे तुटलेला परतीचा मार्ग आणि जडलेला आजार, एवढे सारे बाजूस सारून फक्त लक्षणांची यादी जुळविली तर कोणाही परदेशस्थ विद्यार्थ्याला हे नाव लावता येईल. रामानुजन यांची मनोरचना खरोखर कशी होती याचा निर्णय शंभर वर्षांनंतर देता येईल असे मला वाटत नाही. ज्यांनी त्यांना रोज पाहिले त्या हार्डींनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, रामानुजनना पूर्वेकडचा चमत्कार किंवा दैवी वेडा करू पाहणाऱ्यांना स्पष्ट विरोध केला. ज्याच्याबरोबर चहा प्यावा आणि राजकारणावर बोलावे असा तो समंजस मनुष्य होता, असे त्यांच्या सांगण्याचे तात्पर्य. हार्डी स्वतःही कमी तऱ्हेवाईक नव्हते. कदाचित म्हणूनच त्यांना तो मनुष्य दिसला.

या सर्व नावांत जे अधिक जाचक आहे ते 'भावनाशून्य' हे होय. त्याला शास्त्राचा आधार आहे असे समजले जाते, म्हणून त्या आधाराचे माप घेणे इष्ट. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांना बाहुल्यांचा एक छोटा खेळ दाखविला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती उचलून पेटीत ठेवते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधील? वीस स्वमग्न मुलांपैकी सोळांनी 'पेटीत' असे दाखविले, म्हणजे आपल्याला ठाऊक आहे ते सॅलीला ठाऊक नाही हे त्यांच्या ध्यानात आले नाही. सर्वसाधारण सत्तावीस मुलांपैकी तेवीस जणांनी बरोबर उत्तर दिले. प्रयोग कल्पक होता, आणि त्याचे कर्ते आपल्या मर्यादा जाणत होते. पण लोकांत तो पसरला तो असा: 'यांना दुसऱ्याचे मन कळत नाही', आणि तेथून एका उडीत 'यांना दुसऱ्याची पर्वा नसते'. कळणे आणि पर्वा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही संसारी मनुष्याला ठाऊक असावे. आणि त्या वीसांतल्या ज्या चौघांनी बरोबर उत्तर दिले त्यांचे काय झाले? साध्या मुलांतही चौघेच चुकले होते. हे चौघे आणि ते चौघे कोणाच्याच गप्पांत येत नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यूटाउन येथे शाळेत गोळीबार झाला, तेव्हा मारेकऱ्याला अ‍ॅस्पर्जर होता या बातमीचा बोभाटा होऊन, या स्थितीचा पूर्वनियोजित हिंसेशी संबंध नाही असे तज्ज्ञांना घाईने सांगावे लागले. 'भावनाशून्य' या शब्दाने जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

त्याच २०१२ साली डेमियन मिल्टन या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न आहे, एक साधा प्रश्न विचारला. दोन माणसांना एकमेकांचे मन कळत नसेल तर उणेपण एकाचेच कसे? स्वमग्न माणसाला तुमचा चेहरा वाचता येत नाही हे खरे. तुम्हाला त्याचा कोठे वाचता येतो? फरक एवढाच की तुम्ही संख्येने अधिक आहात, आणि निदानाचे पुस्तक तुमच्या हाती आहे. महालनोबीस आणि रामानुजन यांच्या पांघरुणाची गोष्ट आठवल्यास हा सिद्धांत निराळा समजावून सांगण्याचे कारण राहत नाही.

ज्यांना नावे ठेवली त्यांनी स्वतः लिहावयास आरंभ केल्यावर चित्र पालटू लागले. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन विदुषीचे पहिले आत्मकथन १९८६ साली निघाले. त्या पशुशास्त्राच्या प्राध्यापिका. गुरांच्या वाड्यांची रचना हा त्यांचा विषय. गुरे अरुंद वाटेत शिरताना अडतात तेव्हा गुराखी त्यांना अडेल म्हणतात आणि काठी उचलतात. ग्रँडिनबाई स्वतः त्या वाटेतून, गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, पाहत गेल्या. तेथे एखादी लोंबती साखळी, कुंपणावर टाकलेला कोट, जमिनीवर पडलेली तीव्र सावली असे काहीतरी त्यांना दिसले. ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्यावर लिहिलेला लेख आणि त्याच नावाचे १९९५ सालचे पुस्तक प्रसिद्ध आहे. आपण मंगळावर गेलेल्या मानववंशशास्त्रज्ञासारख्या आहोत, हे त्यांचेच उद्गार सॅक्स यांनी शीर्षकासाठी घेतले. या उपमेत वाचकाला कोणते स्थान दिले आहे हे पाहण्यासारखे आहे. निरीक्षण करणाऱ्या त्या, आणि मंगळावरचे विचित्र प्राणी आपण.

लिआन हॉलिडे विली यांचे १९९९ सालचे 'प्रिटेंडिंग टू बी नॉर्मल' हे पुस्तक कलेच्या दृष्टीने सामान्य, पण माहितीच्या दृष्टीने मोलाचे. मुलीचे निदान झाल्यावर या बाईंना आपली स्वतःची ओळख पटली. तोवरचे सारे आयुष्य त्यांनी इतरांचे हावभाव आणि बोलण्याच्या लकबी उचलून निभावले होते. अ‍ॅस्पर्जरच्या प्रबंधात चौघेही मुलगेच. रेमंड, क्रिस्टोफर, रिझवान हे तिघेही पुरुष. नक्कल करून गर्दीत मिसळून जाणाऱ्या मुलीला वैद्याने ओळखले नाही आणि कादंबरीकारानेही नाही. आपल्या घरांतून मुलींना नक्कल करावयास किती लहानपणापासून शिकवितात हे ध्यानात घेतले म्हणजे 'लाजरी' आणि 'अबोल' या आपल्या कौतुकाच्या विशेषणांखाली काय काय झाकले गेले असेल, याची कल्पना करावी. 'अ‍ॅस्पी' हा लाडका शब्द याच बाईंनी पुस्तकात योजिला आणि अनेकांनी तो आपखुशीने धारण केला. २०१८ नंतर व्हिएन्नाचा इतिहास कळल्यावर काहींनी तो टाकला. काहींनी, इतकी वर्षे अंगावर वागविलेले नाव एका वैद्याच्या पापासाठी का सोडावे, असे म्हणून ठेवला. याविषयी बाहेरच्याने मत देऊ नये.

मराठीत आपण 'ऑटिझम'साठी 'स्वमग्न' हा शब्द रूढ केला आहे. मूळ ग्रीक शब्दातला 'स्व' त्यात नेमका उतरला, आणि 'मग्न' या पदाला तर तुकोबांपासूनचे पुण्य आहे. भाषांतर म्हणून त्याला नावे ठेवण्यास जागा नाही. परंतु जो पंख्याच्या आवाजात, पुस्तकाच्या पानात, आगगाड्यांच्या आकड्यांत गढलेला आहे तो 'स्व'मध्ये मग्न आहे हे कोणी ठरविले? आपल्यात मग्न नाही, एवढेच आपण पाहिले. अशा एखाद्या मनुष्याने आपली हकीकत मराठीत स्वतःच्या हाताने लिहिलेली माझ्या हाती येईल, तेव्हा त्याने हा शब्द ठेवला आहे की टाकला आहे, हे मी प्रथम पाहीन.